फाइल न उघडताच थकणारे सर्व्हर

सोलापूर पर्जन्यछायेत येते. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ‘कायपिक्स’ मोहिमेतला कृत्रिम पावसाचा प्रयोग २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत इथे केला. सोलापुरात रडार बसले, विमानांनी ढगांत बीजारोपण केले. वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सापेक्षतः १८ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. विमाने लोकांनी पाहिली. ढगांच्या अशा अभ्यासामागे गणिती मॉडेल असते, मॉडेलमागे शेकडो संगणकांचा क्लस्टर असतो आणि क्लस्टरमागे फाइलींचा डोंगर असतो. तो भाग कुणाला दिसत नाही.

आयआयटीएमकडे २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉपचा ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला, सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ आला. त्याच वेळी नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी ‘परम रुद्र’ सुरू झाला. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तिथून ही परंपरा आहे. हे सगळे आकडे बेरीज-गुणाकाराच्या वेगाचे आहेत. क्लस्टर सांभाळणाऱ्या माणसाची झोप मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच गोष्टीने उडते. प्रोसेसर रिकामे आहेत, डिस्कवर फारसे लेखन-वाचन नाही, नेटवर्कही भरलेले नाही, आणि तरी एक साधी डिरेक्टरी बघायला अर्धे मिनिट लागते. अशा वेळी संशय घ्यावा तो ‘स्टॅट’चा. फाइल न उघडता तिच्याविषयी केलेल्या चौकशांनी सर्व्हर थकलेला असतो. या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकत्र मांडलेले लेखन मराठीत सहसा दिसत नाही, म्हणून हा आढावा.

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलमागे ‘आयनोड’ नावाची एक नोंद असते. फाइल कोणाची, कोणाला वाचायची परवानगी, आकार किती, शेवटचा बदल कधी, मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे त्यात लिहिलेले असते. शेतजमीन आणि तिचा सातबारा यांच्यात जे नाते, तेच फाइल आणि आयनोड यांच्यात. जमिनीवर पाऊल न ठेवता मालक, क्षेत्र आणि फेरफार कळतात. ‘स्टॅट’ हा ऑपरेटिंग सिस्टीमकडे ती नोंद मागण्याचा अर्ज. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्येही तो आहे. गंमत अशी की फाइलीचे नाव आयनोडमध्ये नसते, ते डिरेक्टरीत असते. त्यामुळे लांबलचक पत्ता दिला की मुळापासून एकेक डिरेक्टरी ओलांडत त्या नोंदीपर्यंत जावे लागते.

एकाच संगणकावर हे काम जवळजवळ फुकट होते. लिनक्स अलीकडे विचारलेली नावे आणि नोंदी मेमरीत ठेवते, उत्तर मायक्रोसेकंदाच्या आसपास मिळते. त्यामुळे गेल्या पन्नास वर्षांत लिहिलेली बहुतेक सॉफ्टवेअर स्टॅटचा वापर सढळ हाताने करतात. फाइल आहे का, बदलली का, लिंक आहे का, असे दहा ठिकाणी दहा वेळा विचारायला त्यांना काही वाटत नाही. तेच सॉफ्टवेअर क्लस्टरवर आणले, फाइली नेटवर्कपलीकडच्या सामायिक साठ्यात गेल्या, की हाच अर्ज तारेवरून जाऊन परत येतो. एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरा. एक लाख फाइलींची चौकशी एकामागून एक केली तर ५० सेकंद झाली, आणि हा हिशेब सर्व्हर मोकळा असतानाचा. आता २०० नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या २०० संगणकांवर, प्रत्येकी ४० प्रक्रिया एकाच क्षणी सुरू झाल्या आणि प्रत्येकीने सुरुवातीला दोन हजार चौकशा केल्या असे समजा. ८००० गुणिले २०००, म्हणजे एक कोटी साठ लाख अर्ज. ते सगळे बहुधा एकाच सर्व्हरच्या दारात येतात, कारण मजकूर अनेक डिस्कवर वाटता येतो, नोंदी ठेवणारा मात्र अनेक क्लस्टरांत एकटाच असतो.

एवढे अर्ज करते कोण, याचे सर्वात ओळखीचे उदाहरण हवामानाच्या कामातच सापडते. मॉडेल तासातासाचे निकाल फाइलीत लिहीत जाते आणि शेजारी दुसरी स्क्रिप्ट पुढची फाइल आली का हे बघत बसते. नसली तर थांब, पुन्हा बघ. थांबण्याचा काळ कुणी एक सेकंद ठेवतो, कुणी ठेवतच नाही. एकाच अंदाजाच्या थोड्या वेगळ्या सुरुवातीच्या पंचवीस-तीस आवृत्त्या एकत्र चालवायच्या असल्या की पहारेकरीही तितकेच होतात. ‘डब्ल्यूआरएफ’ या लोकप्रिय मॉडेलमध्ये प्रत्येक प्रक्रियेने आपली वेगळी निकाल-फाइल लिहावी अशी सोय आहे. लिहिण्याचा वेग वाढतो, पण फाइलींची संख्या प्रक्रियांच्या पटीत वाढते आणि नंतरची प्रत्येक चौकशीही त्याच पटीत वाढते.

या पहाऱ्याची खरी अडचण पुढे आहे. फाइल तयार झाली तरी दुसऱ्या नोडला ती लगेच दिसत नाही, कारण ‘ही फाइल नाही’ हे उत्तरसुद्धा त्या नोडने काही काळ लक्षात ठेवलेले असते. स्क्रिप्ट लिहिणारा वैतागतो आणि ॲडमिनकडे ही स्मृती, म्हणजे कॅश, बंद करून मागतो. ॲडमिन ‘नोएसी’ पर्याय लावून देतो. त्या क्षणापासून प्रत्येक नोडचा प्रत्येक अर्ज थेट सर्व्हरवर जातो आणि आधी फक्त मंद असलेला क्लस्टर आडवा होतो. बरे, फाइल दिसली म्हणजे ती पूर्ण लिहून झाली असेही नाही. खरा उपाय साधा आहे. ‘स्लर्म’सारख्या कामवाटप व्यवस्थेलाच सांगायचे की पहिले काम यशस्वी संपल्यावर दुसरे सुरू कर. वाट बघणे भागच असेल तर मॉडेलने तात्पुरत्या नावाने फाइल लिहावी, पूर्ण झाल्यावर नाव बदलावे, आणि पहारेकऱ्याने तीस सेकंदांनी एकदा बघावे. तासाला एक निकाल देणाऱ्या कामाला दर सेकंदाची चौकशी लागत नाही. काहींना लिनक्सच्या ‘आयनोटिफाय’ या सूचना-सोयीचा आधार वाटतो. पण दुसऱ्या नोडने नेटवर्कवरच्या साठ्यात केलेला बदल तिला कळत नाही.

दुसरा मोठा वर्ग प्रोग्राम सुरू होतानाच्या गर्दीचा. पायथनने एखादे पॅकेज मागितले की ते कुठे आहे हे शोधायला ठरलेल्या यादीतल्या एकेका डिरेक्टरीत डोकवावे लागते. २०१२ च्या पायथन ३.३ पासून डिरेक्टरीतली नावे लक्षात ठेवली जाऊ लागली आणि हा भार हलका झाला, संपला नाही. विद्यार्थी आपल्या होम डिरेक्टरीत ‘कॉन्डा’ची स्वतंत्र व्यवस्था उभारतो, त्यात हजारो बारीक फाइली असतात, आणि ती होम डिरेक्टरी सगळ्या नोडवर सामायिक असते. लायब्ररी शोधण्याचा मार्ग पर्यावरण-चलात लांबलचक लिहिला की प्रत्येक लायब्ररीसाठी यादीतल्या प्रत्येक जागी फोल फेरी होते. एकट्याला ते कळतही नाही, आठ हजार प्रक्रियांना मात्र ते मिनिटांत मोजावे लागते. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने यासाठीच ‘स्पिंडल’ हे साधन बनवले. त्यात एखादी प्रक्रिया लायब्ररी वाचते आणि बाकीच्यांना नेटवर्कवरून वाटते.

माझ्या मते आपल्याकडच्या छोट्या-मध्यम क्लस्टरांसाठी यावर सर्वात चांगला उपाय कंटेनरचा आहे. ‘सिंग्युलॅरिटी’, आता ‘ॲपटेनर’, संपूर्ण सॉफ्टवेअर-व्यवस्था एका प्रतिमा-फाइलीत बांधते. सामायिक साठ्याच्या दृष्टीने ती एकच मोठी फाइल राहते. आतल्या हजारो फाइलींच्या चौकशा नोडच्या मेमरीतच मिटतात. नोंद-सर्व्हरवरचा ताण त्याच दिवशी उतरतो आणि विद्यार्थ्याला प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागत नाही.

तिसरे कारण इतके रोजचे आहे की त्याकडे लक्ष जात नाही. नुसते ‘एलएस’ डिरेक्टरीतली नावे वाचते, ‘एलएस -एल’ प्रत्येक नावाची नोंद मागते. बहुतेक लिनक्समध्ये साध्या ‘एलएस’लाही रंग लावलेले असतात. अमुक फाइल चालवता येते की नाही हे रंगाने दाखवायचे तर पुन्हा नोंद मागावी लागते. एका डिरेक्टरीत पाच लाख फाइली ठेवून तिथे रंगीत यादी मागणे म्हणजे पाच लाख अर्ज. ‘डीयू’ हा तर निव्वळ चौकशांचाच कार्यक्रम. जागा किती उरली हे बघायला रोज रात्री ‘डीयू’ चालवणाऱ्यांनी कोटा-व्यवस्थेकडे विचारावे, तिथे तो आकडा आधीच तयार असतो. पायथनमध्ये डिरेक्टरी चाळायची तर २०१५ च्या ३.५ आवृत्तीत आलेले ‘स्कॅनडिर’ वापरावे. फाइल आहे की डिरेक्टरी हे यादीसोबतच कळते, वेगळा अर्ज बहुधा लागत नाही, आणि लिनक्सवर चाळणे दोन-तीन पट वेगाने होते.

पहाटेची नियमित कामेही याच खात्यात. ‘अपडेटडीबी’ हा फाइलींची सूची करणारा प्रोग्राम सामायिक साठा वगळायला विसरला तर प्रत्येक नोड तोच साठा, त्याच वेळी, मुळापासून चाळतो. बॅकअप आणि विषाणू-तपासणी यांचेही तेच. रोज पहाटे ठरावीक वेळी क्लस्टर मंदावत असेल तर पहिली नजर वेळापत्रकावर टाकावी.

वेबच्या दुनियेत चित्र निराळे दिसते, रोग तोच असतो. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी भार वाटून घ्यायला चार-सहा वेब सर्व्हर उभे केले जातात आणि संकेतस्थळाच्या फाइली एका सामायिक साठ्यावर ठेवल्या जातात. अपाचीत ‘एचटीॲक्सेस’ची मुभा चालू असली की प्रत्येक विनंतीला मुळापासूनच्या प्रत्येक डिरेक्टरीत ती फाइल आहे का हे बघितले जाते, भले ती कुठेच नसो. पीएचपी फाइलींचे खरे पत्ते लक्षात ठेवते, पण ‘ओपन बेसडिर’ ही सुरक्षा-मर्यादा लावली की ती स्मृती बंद होते. ही गोष्ट होस्टिंग चालवणाऱ्या अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘ऑपकॅश’ मूळ सेटिंगनुसार दर दोन सेकंदांनी फाइल बदलली का हे तपासते. निकालाच्या दिवशी संकेतस्थळाचा कोड बदलणार नसतो, ती तपासणी बंद ठेवावी आणि नवा कोड चढवल्यावर कॅश रिकामी करावी.

अर्ज करणारे पाहिले, आता अर्ज घेणारे. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने बनवलेली एनएफएस ही नेटवर्कवरची फाइल सिस्टीम आजही कॉलेजच्या प्रयोगशाळांपासून कारखान्यांच्या कार्यालयांपर्यंत सर्वत्र आहे. तिने या प्रश्नाशी पहिल्यापासून तडजोड केली आहे. क्लायंट मिळालेली नोंद काही काळ खरी मानतो. लिनक्सवर फाइलीसाठी हा काळ ३ ते ६० सेकंद, डिरेक्टरीसाठी ३० ते ६० सेकंद. नोंद बदलत नाही असे दिसले की काळ वाढत जातो. फाइल उघडताना मात्र सर्व्हरला पुन्हा विचारले जाते, म्हणजे एकाने लिहून बंद केलेले दुसऱ्याला उघडल्यावर दिसते. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत यादीबरोबरच सगळ्या नोंदी आणण्याची सोय आली. चौथ्या आवृत्तीत ‘ही फाइल तूर्त तुझ्या हवाली’ असे सर्व्हर क्लायंटला सांगू शकतो. ज्या साठ्यात फक्त सॉफ्टवेअर आहे आणि महिन्यातून एकदाच बदल होतो, तिथे हा काळ दहा मिनिटे करायला काहीच हरकत नाही. जिथे अनेक नोड एकाच डिरेक्टरीत लिहितात, तिथे त्याला हात लावताना दहा वेळा विचार करावा. एकाच क्लस्टरवर दोन साठे दोन वेगळ्या सेटिंगने जोडता येतात, आणि बहुतेक ठिकाणी तेच योग्य ठरते.

सी-डॅकने उभारलेल्या परम मालिकेतल्या यंत्रणांत आणि जगातल्या कित्येक महासंगणकांत ‘लस्टर’ ही फाइल सिस्टीम असते. तिथे नोंदी एका सर्व्हरकडे आणि मजकूर अनेक सर्व्हरांकडे असतो. यातला सापळा असा की फाइलीचा नेमका आकार नोंद-सर्व्हरला ठाऊक नसतो. तो मजकुराच्या तुकड्यांवरून ठरतो. फाइल सोळा ठिकाणी वाटलेली असेल तर एका ‘एलएस -एल’साठी त्या सगळ्या ठिकाणी विचारपूस होऊ शकते. त्यामुळे बारीक फाइली अनेक डिस्कवर पसरवणे हे दुहेरी नुकसान: वेग वाढत नाही, प्रत्येक चौकशी मात्र महाग होते. बारीक फाइलींना एकच तुकडा, अजस्र फाइलींनाच अनेक, हा नियम पाळावा. लस्टरने स्वतःही उपाय केले आहेत. ओळीने नोंदी मागितल्या जात आहेत हे ओळखून पुढच्या नोंदी आधीच आणून ठेवणे, छोट्या फाइलींचा मजकूर नोंद-सर्व्हरवरच ठेवणे, अंदाजे आकार नोंदीतच लिहिणे, आणि नोंद-सर्व्हरच एकाहून अधिक करणे.

‘जीएफएस२’ या फाइल सिस्टीममध्ये सगळे नोड एकच डिस्क थेट वापरतात आणि प्रत्येक नोंदीसाठी क्लस्टरभर कुलपाची देवघेव होते. दोन नोड एकाच डिरेक्टरीत खेळू लागले की कुलूप इकडून तिकडे फिरत राहते. तिथे ‘नोएटाइम’ लावणे जवळजवळ सक्तीचे समजावे, म्हणजे नुसत्या वाचनाने नोंद बदलत नाही. ‘सेफ’ची फाइल सिस्टीम मात्र एक छान गोष्ट करते. डिरेक्टरीखालची एकूण जागा ती स्वतःच मोजून ठेवते, म्हणजे ‘डीयू’ची गरजच उरत नाही.

आता निदान. अंदाजाने सेटिंग बदलणे हा या कामातला सर्वात महागडा मार्ग आहे, कारण दोन सेटिंग एकदम बदलली की कशाने काय झाले ते कधीच कळत नाही. आधी सर्व्हरच्या बाजूने मोजावे. एनएफएस असेल तर ‘एनएफएसस्टॅट’ दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा चालवून फरक काढावा. नोंदी मागणे, नाव शोधणे आणि परवानगी तपासणे या तीन ओळी वाचन-लेखनापेक्षा कित्येक पट मोठ्या निघाल्या, तर रोग हाच. लस्टरवर नोंद-सर्व्हर प्रत्येक क्लायंटचा वेगळा हिशेब ठेवतो. ‘जॉबस्टॅट्स’ चालू करून त्याला स्लर्मच्या काम-क्रमांकाशी जोडले की नेमके कोणते काम किती चौकशा करते ते उघड होते. ही सोय ज्या क्लस्टरवर बंद आहे तिथे ती आजच चालू करावी असे मी आग्रहाने म्हणेन.

नोड सापडला की त्यावर उतरावे. ‘बीसीसी’ या तपास-साधनांच्या संचातले ‘स्टॅटस्नूप’ कोणती प्रक्रिया कोणत्या पत्त्याची चौकशी करते ते थेट दाखवते. एकाच प्रक्रियेचा हिशेब हवा असेल तर ‘एसट्रेस’चा मोजणीचा पर्याय पुरेसा आहे, पण तो प्रक्रियेला बराच मंदावतो, म्हणून चालू कामाला थोडाच वेळ लावावा. इथे एक खाच आहे. नुसत्या ‘स्टॅट’ नावावर चाळणी लावली तर हाती काहीच लागत नाही. आजच्या लिनक्सवर हीच चौकशी ‘न्यूएफस्टॅटॲट’ किंवा २०१७ मध्ये कर्नल ४.११ मध्ये आलेल्या ‘स्टॅटएक्स’ या नावांनी होते. शिवाय ‘ॲक्सेस’ आणि अपयशी ठरलेले ‘ओपनॲट’ही धरावे लागतात. निघालेल्या यादीतले ‘अशी फाइल नाही’ हे उत्तर मिळालेले अर्ज वेगळे काढून मोजावेत. त्यांचे प्रमाण मोठे असेल तर कुठला तरी शोधमार्ग चुकलेला आहे आणि दुरुस्ती बहुधा एका ओळीची आहे. डिस्क नसलेल्या नोडचा क्लस्टर असेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच नेटवर्कवरून येत असेल, तर वेळक्षेत्राचे चल ठरवलेले आहे का तेही बघावे. ते ठरवलेलेच नसले की तारीख-वेळ लिहिताना कित्येक प्रोग्राम वेळक्षेत्राची फाइल पुन्हा पुन्हा तपासतात.

उपायांच्या क्रमाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते नोंद-सर्व्हर वाढवावेत, वेगवान एनव्हीएमई डिस्क घालाव्यात आणि वापरकर्त्यांना त्रास देऊ नये. काही जण कॅशचा काळ वाढवण्यावर भर देतात. काही केंद्रे लस्टरमध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या विनंत्यांवर वेगमर्यादा घालतात. वेगमर्यादेचा मी समर्थक आहे, कारण एकाच्या चुकीमुळे बाकीच्यांचे काम थांबू नये. पण कॅशच्या बाबतीत एक किंमत नेहमी द्यावी लागते: उत्तर शिळे असू शकते. ते शिळेपण चालेल की नाही हे ॲडमिन एकटा ठरवू शकत नाही, काम करणाऱ्या संशोधकाला विचारावेच लागते. आणि नव्या यंत्रसामग्रीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मध्ये न थांबता निष्कारण विचारणारी स्क्रिप्ट दुप्पट वेगवान सर्व्हरवर दुप्पट वेगाने विचारते. आधी विचारणारा शोधावा, विचारणे थांबवता येते का पाहावे, नाही तर कमी वेळा आणि स्वस्तात विचारायला लावावे. एवढे करून मोजणी पुन्हा घ्यावी आणि तरीही भार उरला तरच खरेदीचा प्रस्ताव लिहावा. सरकारी पैशाने चालणाऱ्या केंद्रांना हा क्रम विशेष लागू आहे.

सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले पुण्या-बेंगळुरूच्या डेटा सेंटरांत आणि संशोधन संस्थांत कामाला लागतात. ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला त्यांना आयनोडची आकृती काढायला शिकवली जाते. ती आकृती पाठ असलेल्या मुलाला पाच लाख फाइलींची डिरेक्टरी सामायिक साठ्यावर एकदा उघडून दाखवावी, सर्व्हरवर एनएफएसस्टॅट चालवून अर्ज मोजायला सांगावे, मग त्याच फाइली एका कंटेनरच्या प्रतिमा-फाइलीत बांधून तेच काम करायला लावून पुन्हा मोजायला सांगावे. दोन जुने संगणक, एक स्विच आणि एनएफएस एवढ्यात हे प्रात्यक्षिक होते. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की येत्या सत्रात ते घ्यावे. आणि ज्यांच्या हाती आज चालता क्लस्टर आहे त्यांनी या आठवड्यात चोवीस तासांची मोजणी घ्यावी, सर्वाधिक चौकशा करणारी पहिली पाच कामे काढावीत आणि त्या कामांच्या मालकांशी समोरासमोर बसून बोलावे.